हंसाचंच पीस का? ‘टॉक्सोफिलस’मधली पिसांची चर्चा आणि आपला सिनॉप्सिस



पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. “हाच नमुना का घेतलात?” तुम्ही भाताच्या एखाद्या वाणावर काम करणार असाल, नदीतल्या एखाद्या माशावर, नाहीतर बाजारात मिळणाऱ्या एखाद्या पॉलिमरवर, समितीतलं कुणीतरी हे विचारणारच. आणि बहुतेकांचं उत्तर एकाच साच्यातलं असतं: “यावर फारसं काम झालेलं नाही.” आता विचार करा, काम न झालेल्या गोष्टी जगात कोट्यवधी आहेत. त्यातली हीच तुम्ही का उचललीत, हे त्या उत्तरातून कळतच नाही.

या एका प्रश्नासाठी आज आपण एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली काही पानं तपासणार आहोत. पुस्तक आहे रॉजर अ‍ॅस्कमचं ‘टॉक्सोफिलस’, साल १५४५. विषय धनुर्विद्या. त्यात बाणाच्या मागच्या टोकाला कोणत्या पक्ष्याचं पीस बसवावं यावर सविस्तर चर्चा आहे. कोणता पक्षी, किती वयाचा, पंखातलं कितवं पीस, उजव्या पंखातलं की डाव्या, रंग कोणता, हे सगळं त्यात आहे. थोडक्यात, आपल्या भाषेत सांगायचं तर हा ‘मटेरियल सिलेक्शन’चा विभाग आहे. तो कुठे भक्कम आहे आणि कुठे ढासळतो, ते पाहू.

आधी पुस्तकाबद्दल

अ‍ॅस्कम केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ग्रीकचा अभ्यासक होता. हे पुस्तक आलं तेव्हा तो साधारण तिशीचा होता. पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. ‘टॉक्सोफिलस’ त्यानं राजा आठव्या हेन्रीला अर्पण केलं आणि राजानं खूश होऊन त्याला वर्षाला १० पौंडांचं वेतन बांधून दिलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. टॉक्सोफिलस म्हणजे धनुष्यप्रेमी, तो सांगतो. फिलोलोगस म्हणजे विद्याप्रेमी, तो शंका काढतो. पहिल्या भागात धनुर्विद्या का शिकावी याची वकिली आहे, दुसऱ्यात प्रत्यक्ष कशी करावी ते आहे. पिसांची चर्चा दुसऱ्या भागात येते. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. ग्रीक-लॅटिनमध्ये लिहिलं असतं तर विद्वानांत जास्त मान मिळाला असता, तरी त्यानं हे मुद्दाम आपल्या लोकांच्या बोलीत, इंग्रजीत लिहिलं, आणि तसं का केलं हेही प्रस्तावनेत सांगितलं.

एक खुलासा. मी खाली ‘हंस’ म्हणेन तेव्हा तळ्यातला लांब मानेचा राजहंस डोळ्यांसमोर आणू नका. हा इंग्लंडमधल्या शेतघरांच्या अंगणात पाळला जाणारा, बदकाहून मोठा, कलकलाट करणारा ‘गूस’ आहे.

निकष आधी, उमेदवार नंतर

या चर्चेतली सगळ्यात चांगली गोष्ट सुरुवातीलाच आहे. ‘हंस चांगला’ असं म्हणण्याआधी अ‍ॅस्कम विचारतो, की मुळात पीसच का? लाकडाची पट्टी का नको? शिंग, धातूचा पत्रा, कापड, कागद, चर्मपत्र का नको?

त्याचं उत्तर असं. बाण सुटताना त्याचा मागचा भाग धनुष्याला घासून जातो. तेव्हा तिथे लावलेल्या वस्तूला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. धनुष्य आडवं आलं की तिनं दबलं पाहिजे, आणि धनुष्य मागे पडलं की लगेच पुन्हा उभं राहिलं पाहिजे. लाकूड, शिंग, पत्रा दबत नाहीत. कागद, कापड, चर्मपत्र दबतात, पण पुन्हा उठत नाहीत. दोन्ही जमतं ते फक्त पिसाला.

बघा, किती स्वच्छ मांडणी आहे! आधी काम काय आहे ते सांगितलं. त्या कामातून दोन गुणधर्म काढले. मग उपलब्ध पदार्थांचे दोन गट पाडून प्रत्येक गट कोणत्या गुणधर्मावर नापास होतो ते दाखवलं.

आज आपण याचं कारणही सांगू शकतो. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरके तंतू असतात, त्यांना बार्ब म्हणतात. प्रत्येक बार्बला आणखी बारीक बार्ब्यूल असतात आणि शेजारच्या बार्ब्यूलना त्या सूक्ष्म आकड्यांनी धरून ठेवतात. म्हणून पीस सलग पात्यासारखं वागतं, पण दाबलं की वाकतं, फाटलं तरी बोटांनी सारखं केलं की पुन्हा जुळतं. पदार्थ सगळा केराटिन, म्हणजे आपल्या नखांच्या जातकुळीतला, वजनाला अगदी हलका.

या निकषाची एक परीक्षा काळानंही घेतली आहे. आजच्या स्पर्धांतल्या आधुनिक धनुष्यांवर बाण टेकवायची सोय अशी असते, की त्याचा मागचा भाग धनुष्याला जवळजवळ लागतच नाही. तिथे प्लास्टिकची पाती सर्रास वापरतात आणि ती उत्तम चालतात. पण साध्या लाकडी धनुष्यावरून, हाताला घासून जाणाऱ्या बाणावर तीच पाती लावली तर ती धनुष्यावर आपटून बाण उडवतात. तिथे आजही पीसच लागतं. म्हणजे घासण्याची अट काढली की पिसाची सक्तीही संपते. अ‍ॅस्कमनं पकडलेलं कारण खरंच कारण होतं, याचा याहून चांगला पुरावा काय हवा?

अर्थात कारण पूर्ण नाही. पिसाचं मोठं काम आहे मागच्या टोकाला हवेचा रोध निर्माण करणं. त्यामुळे बाण डगमगला तरी शेपूट मागेच राहतं आणि टोक पुढे. अ‍ॅस्कम चांगल्या पिसाची तुलना जहाजाच्या उत्तम शिडाशी करतो, की ते बाणाला दूर आणि वेगानं नेतं. ही उपमा उलट्या दिशेची आहे. शीड जहाजाला ओढतं, पीस बाणाला किंचित अडवतं. पतंगाची शेपटी ही उपमा जास्त बरोबर ठरली असती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये उपमा वापरताना एवढं बघाच: तिच्यातल्या बलाची दिशा तुमच्या विषयातल्या बलाशी जुळते का?

मोर आणि गरुड: प्रतिस्पर्ध्यांना दिलेली वागणूक

‘पीसच’ ठरलं. आता कुणाचं? इथे मला अ‍ॅस्कमशी भांडायचं आहे.

पहिला प्रतिस्पर्धी मोर. (मोरपीस म्हटल्यावर आपल्याला डोळा असलेलं पिसाऱ्याचं पीस आठवतं, ते इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचे तंतू सुटे असतात. बाणाला लागतं ते मोराच्या पंखातलं, तपकिरी-तांबूस उड्डाणपीस.) अ‍ॅस्कम म्हणतो की कमी अंतराच्या निशाण्यावर मोराचं पीस बाणाला सरळ आणि समतल ठेवत नाही, ते खरखरीत आणि जड असतं, दिमाखासाठी ते लावणाऱ्या अनेकांनी फायद्यासाठी पुन्हा सोडून दिलं. हे खंडन चांगलं आहे. परिस्थिती सांगितली, दोष सांगितला, दोषाचं संभाव्य कारण सांगितलं.

पण विरोधी पुरावा बाजूला राहतो. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला यीमन कंबरेला मोरपिसांचे बाण लावून येतो, आणि चॉसर त्याची सामग्री नीटनेटकी, काळजीनं राखलेली म्हणून दाखवतो. म्हणजे अ‍ॅस्कमच्या दीडशे वर्षं आधी मोरपीस हे निष्काळजी हौशी माणसाचं लक्षण मानलं जात नव्हतं. काव्य हा प्रयोग नाही, मान्य. पण प्रथा होती याची ती साक्ष आहे, आणि तिला उत्तर हवं होतं.

दुसरा प्रतिस्पर्धी गरुड. फिलोलोगस इथे बरोबर शंका काढतो: हेसिओडच्या नावावरच्या काव्यात सर्वश्रेष्ठ धनुर्धर हेराक्लिसच्या बाणांना गरुडाची पिसं आहेत, मग हंस श्रेष्ठ कसा? यावर टॉक्सोफिलस थट्टा करतो. ज्याला जमीन, पाणी, स्वर्ग, नरक कुठेच समाधान नाही, त्याला बिचाऱ्या हंसाचं पीस कसं पुरेल, अशा अर्थाचं बोलतो. मग जाता जाता एक वाक्य टाकतो: शिवाय गरुड फार उंच उडतात, फार लांब घरटी करतात, त्यांची पिसं मिळणं महाकठीण.

या जागी थांबा. वादातला सगळ्यात प्रामाणिक मुद्दा थट्टेच्या शेपटाला बांधून आला आहे. गरुडाचं पीस बाणाला वाईट आहे असं अ‍ॅस्कमनं कुठे दाखवलं? नाही दाखवलं. ते मिळत नाही, एवढंच खरं कारण आहे. पण ‘मिळत नाही’ हे कारण त्याला कमीपणाचं वाटलं असावं, म्हणून त्यानं ते विनोदात गुंडाळलं आणि निष्कर्ष ‘हंस सर्वोत्तम’ असाच ठेवला.

आपण नेमकं हेच करतो. जवळच्या तलावात तो मासा मिळतो, गाईडच्या फ्रीजरमध्ये ते नमुने पडून आहेत, ते रसायन परवडतं, ही खरी कारणं. आणि लिहिताना मात्र ‘हा जीव आदर्श प्रारूप आहे’ असं लिहितो. ‘मिळणाऱ्यांत योग्य’ आणि ‘सगळ्यांत योग्य’ ही दोन वेगळी विधानं आहेत, त्यांना वेगळा पुरावा लागतो. पहिलं विधान लिहायला लाज वाटायचं काहीच कारण नाही.

हंसाची स्तुती आणि तिच्यात लपलेलं अर्थशास्त्र

यानंतर हंसाचं कौतुक सुरू होतं. त्याचं मांस, त्याच्या पिसांची गादी, त्याच्या पिसाची लेखणी, रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर रात्री ओरडून शत्रूची चाहूल देणारे हंस. वाचायला मजा येते. पण तर्क म्हणून पाहिलं तर यातलं एकही कारण बाणाशी संबंधित नाही.

तरीही हा भाग मी टाकाऊ म्हणणार नाही, कारण पुरवठ्याचं खरं उत्तर इथेच आहे. हंस घरोघरी होता तो बाणासाठी नव्हे. मांस, चरबी, अंडी, गादी यांसाठी. बाणाची पिसं हे जोड-उत्पादन होतं. त्यात हंसकुळातले पक्षी वर्षातून एकदा पंखांतली सगळी उड्डाणपिसं एकदमच गाळतात आणि काही आठवडे उडू शकत नाहीत, म्हणजे पक्षी न मारताही पिसं हाती येतात. आणि लेखणीला जी पिसं लागत, ती याच पंखांतली टोकाकडची मोठी पिसं. धनुर्धर आणि पंडित एकाच पिसाचे गिऱ्हाईक होते!

हा पुरवठा केवढा होता? १४१८ मध्ये पाचव्या हेन्रीनं इंग्लंडच्या शेरीफांना, म्हणजे परगण्यांच्या राजाधिकाऱ्यांना, ११,९०,००० हंसपिसं गोळा करायचा हुकूम दिला. त्याच्या आदल्या वर्षीच्या हुकुमात प्रत्येक हंसामागे पंखातली ६ पिसं घ्यायला सांगितलं होतं. आता आपलं आवडतं काम करू, पाकिटाच्या पाठीवरचं गणित. हंसामागे ६ पिसं धरली तर ११,९०,००० पिसांना जवळपास २ लाख हंस लागतात. एका बाणाला ३ पिसं आणि एका पिसातून एकच पातं धरलं तर बाण होतात सुमारे ३ लाख ९७ हजार. चोवीस बाणांचा एक जुडगा, या हिशेबानं साधारण साडेसोळा हजार जुडगे.

गरुडांकडून हे कधी तरी जमलं असतं का? युद्धाच्या बाणाचा निकष ‘सर्वोत्तम उडणारा’ हा असूच शकत नव्हता. ‘लाखोंच्या संख्येनं, एकसारखा, दर वर्षी’ हाच होता. अ‍ॅस्कमनं हे सरळ लिहिलं असतं तर त्याचा युक्तिवाद दुपटीनं मजबूत झाला असता. हेराक्लिसची थट्टा करायची गरजच पडली नसती.

‘कोणत्या परिस्थितीत?’ हा तपशील

आता पुन्हा कौतुकाकडे. पक्षी ठरल्यावर अ‍ॅस्कम ‘हंसाचं पीस’ एवढ्यावर थांबत नाही, हे फार महत्त्वाचं आहे.

वयस्क हंसाचं पीस ताठ आणि मजबूत, ते वाऱ्यात चांगलं आणि जड, मंद बाणाला योग्य. तरुण हंसाचं पीस नाजूक आणि बारीक, ते वेगवान बाणाला योग्य. पण ते कापताना सुरुवातीला थोडं उंच ठेवायचं, कारण वापरता वापरता बसतं. दलदलीच्या प्रदेशातल्या हंसाचं पीस जाडंभरडं असतं. म्हणून पंखातलं टोकाचं पहिलं पीस एरवी उत्तम असलं, तरी एका ठिकाणच्या हंसाचं दुसरं पीस दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्यापेक्षा सरस ठरू शकतं.

हे वाचताना मला फार बरं वाटलं. ‘प्रजाती’ हे नमुन्याचं पूर्ण वर्णन नव्हे, हे १५४५ मध्ये कुणीतरी लिहून ठेवलंय. वय, अधिवास, अवयवातली जागा, आणि कशासाठी वापरणार, ही चारही परिमाणं त्यानं दिली. आज कितीतरी शोधनिबंधांत ‘स्थानिक बाजारातून मासे आणले’ एवढंच वाक्य असतं. वय नाही, लिंग नाही, ऋतू नाही. मग दुसऱ्या कुणाला तो प्रयोग पुन्हा करायचा झाला तर त्यानं काय आणायचं?

उजवा पंख, डावा पंख

इथे गंमत आहे. अ‍ॅस्कम म्हणतो की दोन्ही पंखांतल्या पिसांत फरक थोडाच; पण वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी वेगवेगळ्या पंखांच्या पिसांचे बाण जवळ ठेवावेत, कारण वारा आणि पीस एकाच बाजूचे झाले तर बाण फार वाहवतो. एका बाणावर एकाच पंखाची पिसं, हे त्याच्या वाक्यात गृहीतच आहे.

यातलं गृहीतक आज पक्कं समजतं. पिसाला नैसर्गिक बाक असतो आणि त्याच्या दोन पृष्ठभागांचा पोत वेगळा असतो. त्यामुळे उजव्या पंखाची पिसं बाणाला एका दिशेनं फिरवतात, डाव्याची उलट दिशेनं. एकाच बाणावर दोन्ही मिसळली तर ती एकमेकांविरुद्ध काम करतात. हातानं बाण करणारे आजही पिसं आणली की पहिल्यांदा उजवी-डावी वेगळी करतात. (प्रत्येक हंसामागे ६ पिसं म्हणजे दोन्ही पंखांची तीन-तीन घेतली, तर एक उजवा आणि एक डावा बाण नेमका तयार होतो. हुकुमामागे हाच हिशेब होता का, हा फक्त माझा तर्क आहे.)

पण वाऱ्याबद्दलचं विधान? ते निरीक्षण म्हणून रास्त वाटतं, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. बाजूच्या वाऱ्यानं कुठलाही बाण वाहतो. त्यातला किती वाटा नुसत्या वाऱ्याचा आणि किती पंखाच्या बाजूचा? हे वेगळं करायला तुम्ही काय कराल? थोडा वेळ वही घेऊन बसा. सारख्या वजनाच्या, सारख्या लवचिकतेच्या काड्या लागतील. सारख्या लांबी-उंचीची पिसं, अर्धी उजवी, अर्धी डावी. बाणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागेल. वाऱ्याचा वेग आणि दिशा प्रत्येक बाणाला नोंदवावी लागेल. आणि नेमबाजाला पीस डोळ्यांसमोर दिसतं, तेव्हा त्याच्या अपेक्षेचा परिणाम टाळायला माणसाऐवजी यंत्रावरून बाण सोडावे लागतील. एका जुन्या वाक्यातून प्रयोगाचा आख्खा आराखडा निघाला की नाही?

रंग

रंगाला अ‍ॅस्कम सगळ्यात कमी महत्त्व देतो, फक्त एक अपवाद करून. तीन पिसांतलं एक, जे दोरीला बाण लावताना धनुष्यापासून दूर राहिलं पाहिजे, ते काळं किंवा करडं असावं. म्हणजे बाण चुकीचा लावला जाणार नाही. चुकीचा लावला तर बाकीची पिसं धनुष्यावर आपटतात आणि नेम जातो. ही निव्वळ लेबल लावायची युक्ती आहे. आपण टेस्ट ट्यूबच्या झाकणावर रंगीत ठिपका देतो, तीच.

पण ‘रंगानं फरक पडत नाही’ हे गुणधर्मांबाबत पूर्ण खरं नाही. काळा-करडा रंग मेलॅनिनमुळे येतो आणि मेलॅनिन असलेलं केराटिन झीज जास्त सोसतं. बॉन्सर यांनी १९९५ मध्ये विलो टार्मिगन या पक्ष्याच्या पिसांवर मोजून दाखवलं, की गडद केराटिन पांढऱ्यापेक्षा कठीण असतं. अनेक पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, त्याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं. प्रत्येक नेमाला धनुष्यावर घासणाऱ्या पिसाला झीज ही काही दुय्यम गोष्ट नव्हे. अ‍ॅस्कमकडे हे मोजायचं साधन नव्हतं, त्याचा दोष त्याला देता येणार नाही. पण आपल्यासाठी धडा आहे: एखादा घटक ‘महत्त्वाचा नाही’ म्हणून वगळताना, तो मोजून वगळला की नुसता पाहून, ते लिहा.

‘चांगले कारागीर सांगतात’

पिसांबद्दलच्या अनेक विधानांमागे अ‍ॅस्कमचा आधार एकच आहे: उत्तम बाणकारांकडून ऐकलं. किती बाणकार? कुठले? सगळे एकच सांगत होते का? यातलं काही कळत नाही. कारागिरांचं ज्ञान त्यानं ग्रीक ग्रंथांच्या बरोबरीनं मांडलं ही मोठी गोष्ट आहे. पण नाव-गाव-संख्या नसलेली साक्ष तपासता येत नाही. तुमच्यापैकी जे कोळी, कुंभार, वैदू यांच्याकडून माहिती घेणार आहेत त्यांनी किती जणांशी, कुठे, कधी बोललो आणि कुणाचं मत वेगळं पडलं, एवढं तरी नोंदवायलाच हवं. आणि संमतीनं त्यांचं श्रेयही.

शिवाय ते १० पौंड आठवतात ना? इंग्लिश धनुष्याची महती राजाला पटवणं हा पुस्तकाचा उघड हेतू होता. इंग्लंडच्या अंगणातला पक्षीच जगात सर्वोत्तम, हा निष्कर्ष त्या हेतूला सोयीचा होता. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना आपण एक भुवई वर ठेवायची.

मग या माणसावर विश्वास किती ठेवायचा? इथे नशिबानं एक स्वतंत्र साक्षीदार आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ ला, हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे युद्धनौका-जहाज पोर्ट्समथजवळ बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्या उत्खननात हजारो बाण मिळाले. अ‍ॅस्कमची तक्रार होती की युद्धाचे बाण अ‍ॅश लाकडाचे असायला हवेत, पण हल्ली ते अ‍ॅस्पचे, म्हणजे पॉप्लरच्या एका जातीचे करतात. आणि जहाजावरचे बहुतांश बाण निघाले पॉप्लरचे! म्हणजे प्रचलित प्रथा सांगताना तो बरोबर होता.

पिसांचं मात्र तसं झालं नाही. काड्या टिकल्या, पिसं पाण्यात कुजून गेली. उरल्या त्या तांब्याचा अंश असलेल्या हिरवट डिंकाच्या आणि दोऱ्याच्या वेढ्यांच्या खुणा. म्हणून लाकडाबद्दलची त्याची विश्वासार्हता जशीच्या तशी पिसांवर चढवू नका. एका विधानाला मिळालेला दुजोरा शेजारच्या विधानाला आपोआप लागू होत नाही.

आपल्याकडची यादी

तुलनेसाठी आपल्याकडचा एक ग्रंथ घेऊ. ‘शार्ङ्गधरपद्धती’ हा १३६३ चा संस्कृत संग्रह, त्यात धनुर्विद्येचा भाग आहे. तिथे बाणाला चांगल्या पिसांची यादी येते: कावळा, हंस, ससाण्यासारखा शिकारी पक्षी, मासे खाणारा पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर. एका बाणाला ४ पिसं, लांबी ६ अंगुळं. शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला १० अंगुळं.

इथे मापं आहेत, जी अ‍ॅस्कमच्या वर सांगितलेल्या चर्चेत नाहीत. धनुष्याचा प्रकार बदलला की पिसाची लांबी बदलते, हेही आहे. पण ‘का’ नाही. हेच पक्षी का, गिधाड आणि कावळा एकाच रांगेत कसे, याचा निकष दिलेला नाही. म्हणून यादी बाहेरच्या पक्ष्याबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. आज गिधाड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे आणि त्याची संख्याही ढासळली आहे. मग त्याऐवजी काय वापरायचं? यादीत उत्तर नाही. अ‍ॅस्कमचा निकष मात्र चालवता येतो: दबतं का, उठतं का, ताठ आहे का, पुरेसं मिळतं का? पाश्चात्त्य देशांत हातानं बाण करणारे आज मुख्यतः पाळीव टर्कीची पंखपिसं वापरतात. टर्की अ‍ॅस्कमच्या चर्चेत कुठेच नाही, पण त्याच्या निकषांवर ती सहज उत्तीर्ण होते. शिवाय मांसासाठी पाळली जाते, म्हणजे पुरवठ्याचं गणितही हंसाचंच.

तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

माझं मत थोडक्यात सांगते. अ‍ॅस्कमची निवड बरोबर होती, तिच्यासाठी त्यानं दिलेलं समर्थन अर्धं बरोबर होतं. निकष आणि तपशील यांत तो आजच्या अनेक शोधनिबंधांच्या पुढे आहे; प्रतिस्पर्ध्यांना न्याय देण्यात आणि उपलब्धता कबूल करण्यात मागे.

‘हाच नमुना का’ या परिच्छेदात पाच वाक्यं आणा. नमुन्याकडून काय काम हवं आहे. त्यातून कोणते गुणधर्म निघतात. दुसरे कोणते पर्याय होते आणि प्रत्येक कोणत्या गुणधर्मावर किंवा कोणत्या अडचणीवर मागे पडला. मिळवणार कुठून, किती, कोणत्या परवानगीनं. आणि निवडलेल्या नमुन्याची मर्यादा काय. चौथं वाक्य खाली ढकलू नका, गाळू तर अजिबात नका. “हे नमुने आमच्या विद्यापीठापासून तीस किलोमीटरवर वर्षभर मिळतात” हे पूर्ण सन्मानाचं वाक्य आहे. समितीला ते आवडतं, कारण तीन वर्षांत काम संपेल याची त्यातून खात्री पटते.

सराव म्हणून एक करा. तुमच्या विषयातला एक गाजलेला शोधनिबंध घ्या आणि त्यातलं नमुन्याच्या निवडीचं समर्थन याच पाच वाक्यांवर तपासा. कुठलं वाक्य गायब आहे ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या लेखात आपण नमुन्याच्या संख्येकडे वळू, म्हणजे ‘किती पुरेसे?’ या प्रश्नाकडे.